परकं रक्त

१

"हे रक्त त्या मुलीचं नाही," असं म्हणत प्रयोगशाळेतला डॉक्टर आत आला आणि त्यानं पाठीमागे दार लोटून घेतलं.

फौजदारबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. बाई फौजदार कधीच नव्हत्या, लहान मुलांच्या डॉक्टर होत्या. पण एखाद्या मुलाला घरात कुणी मारतं, कुणी उपाशी ठेवतं असा संशय आला की रुग्णालयात त्यांना बोलावलं जायचं, आणि त्या प्रश्न विचारायला बसल्या की समोरचा माणूस पाणी मागायचा. शिकाऊ डॉक्टरांनी ते नाव पाडलं होतं. कानावर आलं तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या, "पगार मात्र डॉक्टरचाच देतात."

"कुठल्या मुलीचं?"

"चिमणीचं."

चिमणी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची खिडकीजवळची खाट. आठ वर्षांची मुलगी, चिमणीएवढं खाते म्हणून नर्सनी ठेवलेलं नाव. गेलं दीड वर्ष तिच्या लघवीतून अधूनमधून रक्त जात होतं आणि ते का जातं हे कुणालाच सापडत नव्हतं. नळी घालून आतून पाहून झालं होतं. सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढून झाला होता. येत्या सोमवारी पोट उघडून डावं मूत्रपिंड पाहायचं आणि वेळ पडली तर काढायचं, असं ठरलं होतं.

"ऑपरेशनच्या तयारीसाठी तिचं रक्त आमच्याकडे आलं," डॉक्टर म्हणाला. "गट ओ. शेजारीच तिच्या लघवीची बाटली होती, म्हणून सहज काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली. मूत्रपिंडातून गाळून आलेल्या पेशी चेंगरलेल्या दिसतात, बाई. या टवटवीत होत्या. आत्ता सुई टोचून काढल्यासारख्या. मग त्यांचाही गट पाहिला. बी. पुन्हा पाहिला. बीच."

"म्हणजे कुणीतरी बाटलीत घातलं."

"दुसरं काय म्हणणार?"

ही केस त्यांची नव्हती. पण तिसऱ्या मजल्यावरून जाताना ती मुलगी त्यांना हात करायची, आणि त्याही करायच्या. दीड वर्ष त्या हात करत त्या खाटेवरून पुढे गेल्या होत्या.

"सरांना सांगितलंस?"

"नाही. आधी तुमच्याकडे आलो. त्यांनी ऐकलं नाही तर सोमवार उजाडायला किती वेळ लागतो?"

२

विभागप्रमुखांना सगळे सर म्हणत. हाताला यश असलेला सर्जन, आणि माणूस म्हणूनही बरा. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"अदलाबदल झाली असेल."

"दोन वेगवेगळ्या बाटल्या पाहिल्या, सर."

"आमच्या सिस्टरनं स्वतः घेतलेल्या नमुन्यातसुद्धा रक्त होतं. मी काय वेडा आहे?"

"तो नमुना कधीचा?" बाईंनी विचारलं.

"नळी घालून तपासलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा."

"आपणच आत नळी घातल्यावर कुणालाही दोन दिवस थोडं रक्त येतं, सर."

सर उभे होते ते बसले. टेबलावरचा काचेचा गोळा त्यांनी इकडचा तिकडे ठेवला. त्यांना काय आठवत असेल ते बाईंना कळत होतं. ती सुई, तो तुकडा, भूल उतरताना मुलीला झालेल्या उलट्या.

मग ते झटकन कामाला लागल्यासारखे बोलू लागले. बाटलीला हात कुणाकुणाचा लागतो? आई, रोज डबा घेऊन येणारी आत्या, वॉर्डातली सिस्टर, आणि कधीतरी येणारे वडील. तुकडा काढताना लागलं तर म्हणून रक्त द्यायला सगळं घर आणि सिस्टरही रांगेत उभी राहिली होती, म्हणून गट रक्तपेढीत मिळाले. सिस्टरचा ओ. आईचा ए. वडिलांचा बी. आत्याचाही बी.

"आई सुटली," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता.

आई सगळ्यांनाच आवडायची. वॉर्डात नवी बाई घाबरून आली की आईच तिला सांगायची, रक्त कुठे द्यायचं, कुठल्या डॉक्टरशी कसं बोलायचं. नर्सचे वाढदिवस तिला पाठ होते. दीड वर्षात तिचा आवाज कधी चढला नव्हता.

"वडील मालगाडी चालवतात, महिन्यातले बरेच दिवस बाहेर असतात," सर पुढे म्हणाले. "राहिली आत्या. आणि बाई, ते दोन आठवडे आठवतात का तुम्हाला?"

बाईंनाही ठाऊक होते. मध्ये दोन आठवडे रक्ताचा थेंब आला नव्हता. सरांनी ते नव्या गोळ्यांच्या खात्यावर टाकलं होतं आणि एका परिषदेत तसं सांगितलंही होतं.

"त्या वेळी चिमणीच्या धाकट्या भावाला कांजिण्या झाल्या होत्या. हिला लागण नको म्हणून आत्या त्याला आपल्या घरी घेऊन गेली. ती इकडे फिरकली नाही. आत्या नव्हती, रक्त नव्हतं. आत्या आली, रक्त आलं."

हिशेब इतका सरळ होता की बाईंना तो खोडता येईना.

"ऑपरेशन तरी थांबवा, सर."

"आईला काय सांगू?"

"मी सांगते," बाई म्हणाल्या.

३

चिमणी झोपली होती. आई खाटेशेजारच्या खुर्चीत धाकट्याला मांडीवर घेऊन बसली होती.

"या ना, बाई, बसा. चहा मागवू?"

आपल्याच बैठकीच्या खोलीत पाहुण्याला विचारावं तसं तिनं विचारलं. उशाशी पाण्याची बाटली, घडी केलेले टॉवेल, एका डब्यात केसांच्या पिना. दीड वर्षात खाटेभोवती एक घर उभं राहिलं होतं.

"चांगली बातमी आहे," बाई म्हणाल्या. "सोमवारचं ऑपरेशन बहुतेक करावं लागणार नाही."

ही बातमी बाईंनी आजवर कितीतरी आयांना दिली होती. कुणी रडायला लागे, कुणी हात धरून सोडत नसे, कुणी विश्वास न बसून तेच पुन्हा विचारी. ही म्हणाली, "का?"

"काही तपासण्या स्वच्छ आल्या."

"कुठल्या? मला दाखवल्या नाहीत कुणी." तिनं धाकट्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "मग रक्त येतं ते कशानं? म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. मी सरांशी बोलते. सरांना तिची केस माहीत आहे."

बाई मुलाकडे वळल्या. चार वर्षांचा असेल. बाईंनी हात पुढे केल्यावर त्यानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. बोटांवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, बदकांची चित्रं असलेल्या.

"बोटं चोखतो," आई हसून म्हणाली. "सवय मोडायला लावल्यात. तसा फार गुणी आहे. सुईलासुद्धा रडत नाही."

"सांभाळायला मदत होते का कुणाची?"

"वन्सं येतात ना रोज. त्यांचा जीव आहे मुलांवर, स्वतःचं मूलबाळ नाही." तिनं धाकट्याच्या केसांतून हात फिरवला. "बोलतात जरा. पोरीला काही झालेलंच नाही म्हणतात. माझ्याकडे दे, आठवड्यात पळायला लावते, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या एकदा. मी मनावर घेत नाही. पण..."

"पण काय?"

"जाऊ दे. घरातलं माणूस आहे."

"सांगा तर."

"मला अंघोळीला पाठवतात, मी बसते म्हणतात. मी परत येते तेव्हा पुष्कळदा बाटली भरून तयार असते." तिचे डोळे भरून आले. "मी उगाच बोलले, बाई. सरांना सांगू नका हं."

दारात उभ्या असलेल्या सिस्टरनं हे ऐकलं होतं. दुपारपर्यंत ते सरांपर्यंत पोहोचलं.

४

आत्याचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश शिवायची. भिंतीवरच्या तारेला नुसत्या बाह्या टांगलेल्या होत्या.

"बसा, पण त्या स्टुलावर नको, एक पाय लटका आहे," ती म्हणाली. मशीन थांबवली नाही.

"तुम्ही म्हणता चिमणीला काही झालेलं नाही."

"म्हणते. तोंड माझं वाईट आहे, भाऊही तेच सांगतो."

"कशावरून म्हणता?"

आत्यानं शिवण संपवून दोरा तोडला. "आजारी पोराला खेळावंसं वाटत नाही. हिला वाटतं. पण खेळायला लागली की मध्येच आईकडे बघते, आणि मग आडवी होते. मी काही डॉक्टर नाही. तुम्ही इतकी शिकलेली माणसं तिला कापताय म्हटल्यावर काहीतरी असणारच, असं मीच मला समजावते. आणि घरी आले की पुन्हा वाटतं, नाही."

"भावजयीला अंघोळीला तुम्ही पाठवता?"

"ती जाते. मला सांगते, वन्सं, बसा जरा, आणि तेवढी ती बाटली सिस्टरकडे देऊन या. मी देऊन येते."

"भरलेली?"

"मग रिकामी कशाला देऊ?"

बाईंनी ते मनात ठेवलं. दोन बायका, दोन सांगणी, आणि साक्षीला फक्त एक झोपलेली मुलगी.

"कांजिण्यांच्या वेळी धाकटा तुमच्याकडे होता. कसा राहिला?"

पहिल्यांदाच आत्या हसली. "सोन्यासारखा. एकच खूळ होतं. सकाळी उठला की माझ्यासमोर येऊन उभा. आत्या, आज द्यायचं नाही? काय द्यायचं रे, विचारलं की गप्प. बालवाडीत खाऊबिऊ देत असतील म्हणून मी सोडून दिलं. चार दिवसांनी विचारायचा थांबला, आणि मग असा खेळला, असा खेळला की दुकान डोक्यावर घेतलं."

"तुमचा रक्तगट बी आहे ना?"

"असेल. का?"

आत्यानं हातातली कात्री खाली ठेवली.

"माझ्यावर आलंय का काही?"

नाही म्हणावं असं बाईंना फार वाटलं. पण तसं म्हणण्याजोगं त्यांच्याकडे काही नव्हतं.

५

सरांनी आत्याला वॉर्डात यायची बंदी केली. बाईंनी थोडा वेळ मागितला तेव्हा ते म्हणाले, "त्या मुलीला आणखी एक दिवसही धोक्यात ठेवणार नाही मी." या वाक्याशी भांडता येत नाही. दुपारी आत्या डबा घेऊन फाटकाशी आली. पहारेकऱ्यानं डबा घेतला आणि तिला बाहेर ठेवलं. ती बराच वेळ तिथंच उभी होती, वरच्या खिडक्यांकडे बघत. मग गेली.

आईला सरांनी स्वतः समजावून सांगितलं. ती रडली. म्हणाली, "त्यांना काही करू नका, त्यांची चूक नाही, त्यांना मूल नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर बाटली घेऊन आली आणि तिनं ती सरांच्या टेबलावर ठेवली. लाल.

प्रयोगशाळेतून निरोप आला. गट बी.

"वडील," सर म्हणाले. वडील आदल्या संध्याकाळीच परतले होते.

"महिनाभर ते बाहेर होते, आणि त्या महिन्यात रक्त येतच होतं," बाई म्हणाल्या. "उलट, ते दोन आठवडे ते रजा घेऊन दिवसभर इथं खाटेशी बसले होते. तेव्हा थेंब नाही. ते नव्हते तेव्हा आहे, होते तेव्हा नाही."

"मग आत्या नाही, वडील नाहीत. आईचं रक्तच वेगळं. बाई, बी गटाचं रक्त काय छपरातून गळतंय?"

बाई खिडकीशी गेल्या. खाली अंगणात चिमणीचे वडील बाकावर बसले होते. धाकटा त्यांच्या पायाशी पानं गोळा करत होता, बदकांच्या पट्ट्या लावलेल्या बोटांनी, एकेक पान अलगद दोन नखांत धरून.

आपण सगळे आत्या नव्हती, आत्या नव्हती म्हणत राहिलो.

"सर, त्या दोन आठवड्यांत आत्याबरोबर आणखी कोण नव्हतं?"

६

आई औषधं आणायला गेली होती. बाईंनी वडिलांना विचारलं, धाकट्याचा रक्तगट माहीत आहे का? नव्हता माहीत.

"बघून ठेवू. बोटातून थेंबभर लागेल."

"बघा की. त्यात काय."

तपासणीच्या खोलीत प्रयोगशाळेतला डॉक्टर सुई घेऊन बसला होता. मुलानं रडू नये म्हणून त्यानं रबरी ससा आणून ठेवला होता. धाकट्यानं सशाकडे पाहिलं, मग सुईकडे. तो स्वतःहून पुढे आला. उजव्या हाताच्या एका बोटावरची पट्टी दातानं धरून त्यानं ओढून काढली, बोटाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"हे नको. हे दुखतं." त्यानं दुसरी पट्टी काढली. "हे घ्या."

बोटाच्या टोकावर बारीक ठिपके होते. काही जुने, काळे पडलेले. एक ताजा, लाल. डॉक्टरचा हात होता तिथंच राहिला.

"हे काय आहे?" मागून वडिलांनी विचारलं.

बाई खाली बसल्या, मुलाच्या उंचीला. "तू रोज देतोस का रे?"

"रोज नाही. आई सांगते तेव्हा."

"कशासाठी देतोस?"

"ताईचं औषध आहे ते." बाईंना एवढं साधं कसं माहीत नाही, अशा नजरेनं तो बघत होता. "माझं रक्त चांगलं आहे. रडलं की ते खराब होतं. मग ताई मरेल."

वडील पुढे येऊन मुलाची बोटं बघू लागले.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाला, "आता गट पाहायची गरज आहे का?"

गरज होती. उद्या कुणीही म्हणालं असतं, पोर आहे, काहीही बोलतं. हे मूल पुन्हा टोचलं जाऊ नये म्हणून त्याला पुन्हा टोचायचं होतं, आणि ते बाईंनाच सांगायचं होतं.

"घे," त्या म्हणाल्या.

सुई लागली तेव्हा त्यानं डोळे मिटले. आवाज काढला नाही. मग डोळे उघडून म्हणाला, "जास्त घ्या. म्हणजे ताई लवकर घरी येईल."

७

गट बी निघाला. प्रयोगशाळेनं डीएनए जुळवून पुढची ओळखही पटवून दिली. बाटलीतलं रक्त त्याचंच होतं.

सरांच्या खोलीत आई शांतपणे बसली होती. शेजारी वडील. बाईंनी सगळं क्रमानं सांगितलं. तुमचा गट वेगळा, म्हणून आम्ही तुम्हाला वगळलं. रक्त दुसऱ्याचं असलं तरी ते बाटलीपर्यंत आणणारा हात वेगळा असू शकतो, हे आमच्या डोक्यात आलं नाही. धाकटा आत्याकडे गेला आणि रक्त थांबलं. आत्याला बंदी केली तरी थांबलं नाही, कारण धाकटा तुमच्या मांडीवरच होता. त्याच्या बोटांना हात लावणारं, पट्ट्या लावणारं घरात दुसरं कुणी नाही.

आईनं सगळं ऐकून घेतलं.

"चार वर्षांच्या मुलाच्या बोलण्यावरून तुम्ही हे म्हणताय," ती शेवटी म्हणाली. "तेही मी नसताना त्याला सुई टोचून. आणि माझ्या मुलीचं दुखणं सापडलं नाही म्हणून. सर, तुम्हाला हे पटतं?"

सर टेबलाकडे बघत राहिले. ती पुन्हा म्हणाली, "सर, तिच्या पाठीत सुई कुणी घातली? मी?"

खोलीत इतकं खरं वाक्य दुसरं कुणी बोललं नव्हतं.

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. "मग थोरलीला काय झालंय?"

"काहीच नाही. आपण केलं तेवढंच."

"असं कशाला करेल कुणी?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. खरंच माहीत नव्हतं. पुस्तकात कारणं असतात, ती सगळी त्यांना ठाऊक होती. त्यातलं एकही या बापाच्या हातात ठेवण्यासारखं नव्हतं.

तपासणीच्या खोलीत तो माणूस स्वतःच्या कानांनी ऐकून आला होता. संध्याकाळपर्यंत त्यानं ते ऐकलेलं परतवून लावलं. वॉर्डाच्या जिन्यात बाईंना अडवून म्हणाला, "मी घरी नसतो. दीड वर्ष ती त्या खुर्चीत झोपलीय. तिचं मी ऐकायचं नाही तर कुणाचं? पोर आहे, खेळात काहीतरी टोचून घेतलं असेल. आम्ही थोरलीला दुसरीकडे नेतो. तिथं चांगले डॉक्टर आहेत."

नेऊ द्यायचं नव्हतं. बाई दोन दिवस या कचेरीतून त्या कचेरीत बसून होत्या. मुलांच्या कोर्टातून हुकूम येईपर्यंत सिस्टर खाटेशेजारून हलली नाही. दोन्ही मुलं तूर्त आत्याकडे राहतील, असा हुकूम आला. तूर्त. बाईंनी तो शब्द वाचला आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

चिमणीला सांगायचं काम त्यांचंच होतं. खाटेवर तिच्याजवळ बसून त्या म्हणाल्या, तू बरी आहेस. आधीपासूनच बरी होतीस. ते रक्त तुझं नव्हतं.

मुलगी पांघरुणाच्या दोऱ्या ओढत होती. "माहीत होतं मला."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

तिनं बाईंकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कोडं पडल्यासारखं होतं. "आधी माझं नव्हतं. पण नंतर तुम्ही सगळे म्हणायला लागलात, आहे म्हणून. सरसुद्धा. मग मला वाटलं, असेल. मला कळत नसेल."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. बराच वेळ त्या तशाच बसून राहिल्या, आणि मुलीनंच विचारलं, "तुम्हाला बरं नाही का?"

८

वर्ष उलटलं. खटला उभा राहिला आणि तारखांवर चालत राहिला. आईच्या वकिलानं सरांना एक पूर्ण दिवस उभं केलं. कोणती तपासणी कुणी सुचवली, सही कुणाची, सुई कुणाची. सर घरी गेले आणि त्यानंतर त्यांनी शस्त्रक्रिया कमी केल्या. आईनं कधीही काही कबूल केलं नाही. बोलताना तिचा आवाज तसाच राहिला, आणि वॉर्डातल्या जुन्या बायका अजूनही बाईंना विचारत, असं असेल कसं हो, किती चांगली होती ती.

कोर्टानं तिला शनिवारी तासभर मुलांना भेटायची परवानगी दिली. मधे टेबल, कोपऱ्यात कोर्टानं नेमलेली एक बाई बसलेली. वडील तिला घेऊन येत आणि बाहेर थांबत.

धाकट्याची बोटं भरून आली. चिमणीनं अंग धरलं, उंची वाढली. ती शाळेत जाऊ लागली. लघवी सदा स्वच्छ. आणि शुक्रवार आला की तिचं पोट दुखायला लागे.

एका शुक्रवारी आत्या तिला घेऊन बाईंकडे आली. धाकटाही होता, दाराच्या कडीशी खेळत.

"पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं," आत्या म्हणाली. "मग ओवा-गरम पाणी. मग रागावले. काल रात्रभर कण्हत होती. खोटं वाटत नाही हो."

"कुठे दुखतं?" बाईंनी विचारलं.

चिमणी आपणहून टेबलावर चढली. आडवी झाली, फ्रॉक बेतानं वर केला आणि तोंड भिंतीकडे वळवलं. श्वास रोखून धरायचा केव्हा आणि सोडायचा केव्हा, हे तिला सांगावं लागलं नाही. बाईंनी हात एकमेकांवर घासून गरम केले आणि तिच्या पोटावर ठेवले. तुकडा काढला होता तिथली पाठीवरची खूण खाली चादरीला टेकलेली होती. पोट मऊ होतं. धडधाकट मुलीचं पोट.

"उद्या आईला भेटायचंय ना?"

"हं."

"भेटावंसं वाटतं?"

ती विचार करत राहिली. "दुखलं की ती विचारते," ती भिंतीला म्हणाली. "नाही दुखलं तर नुसती बसते. मग काय बोलायचं ते आम्हाला कळत नाही."

बाईंनी फ्रॉक खाली केला. काही नाहीये तुला, असं म्हणायला त्यांनी सुरुवात केली आणि मुलीकडे पाहून थांबल्या. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला होता तिचा. दुखतंय हे खरं होतं, आणि तपासून त्यातलं काही सापडणार नव्हतं.

मुलं बाहेर पडल्यावर आत्या मागे राहिली.

"आतून फोटो काढू या का एखादा? खात्रीसाठी?"

"नको," बाई घाईनं म्हणाल्या.

"म्हणजे नक्की काही नाही?"

"नाही."

"मग पुढच्या शुक्रवारी आणू की नको?"

बाईंनी टेबलावरची चादर सरळ केली. तपासलं तर मुलीला दुखण्याची चव पुन्हा लागणार. नाही तपासलं आणि एखाद्या शुक्रवारी खरंच काही निघालं तर. तीस वर्षं त्या लोकांना प्रश्न विचारत आल्या होत्या. असा एकच प्रश्न त्यांना कुणी विचारला होता आणि त्यांच्याकडे पाणी मागण्यापलीकडे काही नव्हतं.

"आणा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाही. नका आणू. आधी मला फोन करा."

"बरं," आत्या म्हणाली. तिला उत्तर मिळालं नव्हतं, आणि ते तिनं ओळखलं होतं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली. बाहेर कॉरिडॉरमध्ये धाकटा धावत होता आणि चिमणी बाकावर बसून, पोटावर हात धरून, त्याला दुरून बघत होती.